जाम झालेलं जुनं सिंगर पायमशीन सुटेल का? चाक तसूभर हलंना

मलप्रभाकाठची सून

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना लागणाऱ्या एका गावात आमचं घर आहे. सासूबाईंना त्यांच्या आईकडून आलेलं सिंगरचं पायमशीन आमच्याकडं आहे. काळं, सोनेरी नक्षीचं, खाली ओतीव लोखंडाचं स्टँड. बुडाजवळ नंबर कोरलाय, वाय हे अक्षर आणि पुढं सात आकडे. खालच्या दोऱ्याची बॉबिन गोल आहे. दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या सुईकडच्या डाव्या तोंडावर आहेत. उलटा टाका घालायची सोय नाही.

बरीच वर्षं ते भाताच्या खोलीत पोत्याखाली झाकून होतं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, भिंतींची ओल दिवाळीपर्यंत हटत नाही. आता सुई अर्ध्यावर येऊन थांबलीय आणि चाक ना पुढं जातंय ना मागं. मोडकं मात्र काही दिसत नाही.

गावात फिरतीवर येणाऱ्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यानं कुठलाही स्क्रू न उघडता सांगितलं, "आतला शाफ्ट गेलाय, डोकं भंगारात घाला, स्टँड मी नेतो." असल्या स्टँडवर लाकडी फळी नाहीतर फरशी बसवून हॉटेलांसाठी टेबलं करतात, त्यामुळं त्याला मागणी आहे म्हणे. धाकटे दीर म्हणतात देऊन टाकूया, जागा तरी मोकळी होईल. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पण तो माणूस गेल्यावर त्यांनी मशीनवरचं पोतं काढलं आणि आपली जुनी मऊ साडी घडी करून त्यावर घातली.

मला ते चालू करायचंय. मला शिलाई येते, ब्लाऊज-परकर मी घरीच शिवते, ते सध्या एका मैत्रिणीच्या मशीनवर. यजमान म्हणतात चाकाला पाईप अडकवून दोघांनी जोर देऊया. तसं करावं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

निपाणीचा प्रवासी

आमच्या घरी मशीन जड झालं की आई खोबरेल सोडायची. गरम करून भोकाभोकांत घाला, रात्रभर ठेवा, सुटेल. पाईप नको.

शहापूरकर मिस्त्री

ताई, पाईप अजिबात लावू नका. यजमानांना माझा निरोप सांगा, हात जोडून सांगतोय म्हणा. हे डोकं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे. बीड वाकत नाही, सरळ तडकतं. चाकाला लांब दांडा लावून जोर दिला तर आतली एखादी कांडी वाकेल नाहीतर पिन तुटेल, आणि मग दुरुस्तीवाल्याचं बोलणं खरं होईल. आत्ता ते खरं नाही असं मला वाटतंय. ह्या मशीनचा वरचा शाफ्ट पोलादाचा असतो. जागच्या जागी पडून राहिलेल्या मशीनचा शाफ्ट "जातो" कसा? तो जातो वर्षानुवर्षं कोरडा फिरवला तर, आणि तेव्हा मशीन ढिलं होऊन खडखडतं. जाम होत नाही.

मी बेळगावात, शहापूर भागात, मशीन दुरुस्तीचं काम वडिलांकडून शिकलो आणि अजून करतोय. डोळे साथ देतात तोवर करणार. तुमच्यासारखी जाम मशीनं पुष्कळ हाताखालून गेलीत, आणि बहुतेकांत कारण तेच, वाळून घट्ट झालेलं तेल. लोखंडाला लोखंड चिकटलेलं नसतं. दोघांच्या मधे जुन्या तेलाचा तपकिरी लाखेसारखा थर बसलेला असतो. तो थर विरघळवायचा, एवढंच काम. त्याला वेळ लागतो, ताकद लागत नाही.

निपाणीच्या दादांनी मनापासून सांगितलंय, पण खोबरेलाबद्दल मला कळवळून सांगायचंय. खाण्याचं कुठलंही तेल मशीनमध्ये घालू नका. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडं थंडीत सकाळी पारा त्याच्या कितीतरी खाली असतो, म्हणजे डिसेंबरात मशीनच्या सांध्यासांध्यात मेणच भरलेलं. शेंगतेल त्याहून वाईट, ते हवेनं चिकट होतं आणि हळूहळू वाळून चिकटा धरतं. गावाकडून येणारी निम्मी जाम मशीनं अशाच स्वयंपाकघरातल्या तेलानं बसलेली असतात. घरच्या बायकांनी काळजीपोटीच घातलेलं असतं, हेही खरं.

आता काम. आधी पायाचा पट्टा काढा. मग बघा की सुई, वरचा दोरा, बॉबिन केस निघतंय का. निघत नसेल तर ओढू नका, राहू द्या. चाकाच्या बाजूला बॉबिन भरायची छोटी फिरकी असते, ती चाकाला टेकून बसली नाही ना ते पाहा. त्यानंतर चाकाच्या मधोमध जो मोठा गोल स्क्रू आहे, बॉबिन भरताना आपण ढिला करतो तो, तो डाव्या हातानं चाक घट्ट धरून उजव्या हातानं ढिला करा. तो सैल झाल्यावर चाक एकटं फिरलं तर चाक ठीक आहे आणि अडचण डोक्यात आहे. फिरलंच नाही तर चाकच शाफ्टवर बसलंय, तिथूनच सुरुवात करायची. ही एक परीक्षा केली की निम्मं कोडं सुटतं.

पुढचं काम घराबाहेर, अंगणात. डोकं बिजागरीवर मागं कलंडतं, खाली लाकडाचा ठोकळा द्या. स्टँडवरून पूर्ण उतरवायचं असेल तर मागच्या दोन बिजागरीच्या खिळ्यांवरचे छोटे स्क्रू सैल करा आणि दोघांनी मिळून उचला, दहा किलोच्या वरच भरतं. डाव्या तोंडावरचा पत्रा काढा, आत सुईचा दांडा आणि फुटाचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या भागाचा दांडा दिसेल. मागच्या बाजूला मानेवर एक गोल झाकण आहे, मधे स्क्रू. तेही सरकवा. आत बॅटरी मारून बघा, तुम्हाला तपकिरी चिकटा दिसेलच.

मिळालं तर रॉकेल घ्या, नाहीतर थोडं डिझेल. तेलाच्या कुपीनं प्रत्येक भोकात, आणि जिथं जिथं लोखंड लोखंडावर घासतं तिथं थेंबथेंब सोडा. सुईच्या दांड्याला वरून आणि खालून. खाली शटलभोवती, म्हणजे बॉबिन बसते त्या हलत्या भागाभोवती. कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांच्या आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना. रात्रभर राहू द्या. सकाळी डोकं उन्हात ठेवा. काळं बीड दिवाळीनंतरच्या उन्हातसुद्धा चांगलं तापतं आणि आतला चिकटा मऊ पडतो. दुपारी चाक दोन्ही हातांत धरून जरासं पुढं, जरासं मागं, एवढंच डुलवा. केसाएवढं हललं तरी पुरे. परत थेंब, परत रात्र. काही मशीनं दुसऱ्या दिवशी सुटतात, काही आठवडा घेतात. घाई केली की मोडतोड होते.

दोन गोष्टी जपा. रॉकेल असताना जवळ चूल, समई, उदबत्ती काही नको. डोकं तापवायला केस वाळवायचं यंत्र तर रॉकेल असेतोवर नकोच, त्यात आत तार लाल होते. दुसरं म्हणजे सोनेरी नक्षी. तिच्यावर लाखेचा थर असतो. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही लागलं की तो थर विरघळतो आणि नक्षी फडक्यावर निघून येते. रॉकेलाचा ओघळसुद्धा लगेच पुसा. बाहेरून पुसायला मशीनचं तेल लावलेला कापूस, बाकी काही नाही.

आणि नंबराबद्दल. वाय अक्षराची मशीनं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली, साधारण १९२१ ते १९३५ या काळातली. तुमच्या वर्णनावरून ते पंधरा नंबरचं मॉडेल आहे. तो कारखाना १९८० साली बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे. उषा आणि आपल्याकडची बहुतेक काळी मशीनं ह्याच घडणीवर निघाली, त्यामुळं बॉबिन, बॉबिन केस, सुई, दाते आजही बाजारात नवे मिळतात. सामान मिळत नाही म्हणून हे मशीन टाकायची वेळ येत नाही, हे दीरांना सांगा.

चिकोडीची टेलरबाई

मिस्त्रीकाकांनी सगळं सांगितलंच आहे, माझं एक जोडते. चाक आणि मशीनचं अंग यांच्या मधल्या फटीत बॅटरी मारून बघा. बॉबिन भरताना दोरा सुटला की तो तिथं आत जाऊन शाफ्टला गुंडाळतो, बाहेरून अजिबात कळत नाही. माझ्या मशीनच्या फटीतून लाल परकराचा दोरा निघाला होता, पिळून पिळून सुतळीइतका घट्ट झालेला. चाक काढल्याशिवाय तो येत नाही.

आणि प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कुठला स्क्रू कुठला हे नंतर आठवत नाही. हे स्क्रू गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे नाहीत, सिंगरचे आटे वेगळे असतात. हरवला की वणवण. मी वाटीत न ठेवता पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवते.

मलप्रभाकाठची सून

काका, ताई, खूप आभार. पाईप कोपऱ्यात गेला.

मधला स्क्रू सैल केला तर चाक सुटं फिरलं. म्हणजे अडचण डोक्यात. डोकं अंगणात तुळशीकट्ट्याजवळ उन्हात ठेवलंय. रॉकेल मिळालं नाही, बाटलीभर डिझेल आणलं.

वरची तेलाची भोकं बघितली तर भोकं दिसेचनात. टाचणीनं कोरलं तेव्हा कळलं, कुंकू. दरवर्षी खंडेनवमीला मशीनला हळद-कुंकू, फुलं, अक्षता. पडून असतानाही पूजा चुकवली नव्हती. ते कुंकू तेलात भिजून भोकात बसलंय, विटकरी रंगाचं दगडी बूच. मानेवरच्या भोकातून टाचणीच्या टोकाला आख्खा तांदळाचा दाणा आला, काळा पडलेला. सासूबाई शेजारी पाटावर बसून बघत होत्या, त्यांनी तो हातावर घेतला.

डिझेल घालून आता काही दिवस झालेत. चाक बोटभर डुलतंय, पण एका जागी येऊन ठप्प होतं. दर वेळी तिथंच. पुढं फिरवलं तरी आणि मागं फिरवलं तरी, ठणकन् थांबतं. चिकट वाटत नाही, भिंत आल्यासारखं वाटतं. हे काय असेल? शटल बाहेर कसं काढायचं तेही सांगा, जोर लावायची भीती वाटते.

शहापूरकर मिस्त्री

शाब्बास ताई. बोटभर डुलतंय म्हणजे वरचा शाफ्ट मोकळा आहे. तुमचं मशीन मेलेलं नाही, आता मी खात्रीनं सांगतो.

चिकट्यानं अडलं तर चाक मऊसर अडतं, ओढल्यासारखं. ठणकन् थांबतं तेव्हा मधे काहीतरी आलेलं असतं. वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनमध्ये ते बहुतेक वेळा शटलच्या खोबणीत असतं. तुटलेली सुई, नाहीतर दोरा. सुई तुटली की टोक खाली पडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

शटल काढायचं ते असं. डोकं मागं कलंडवा. बॉबिन केस निघत असेल तर काढून घ्या. समोर एक गोल कडं दिसेल, काही मशीनला ते दोन खटक्यांनी धरलेलं असतं, काहींना दोन स्क्रूंनी. तुमच्याकडं जे असेल त्याचा फोटो काढा, मग सोडवा. कड्यामागं अर्धचंद्रासारखं टोकदार शटल आहे, मधला दांडा धरून बाहेर ओढलं की येतं. सुई खाली असेल तर ते अडतं, म्हणून डुलतंय त्यात सुई जितकी वर जाईल तितकी घ्या. स्क्रू हट्टाला पेटला तर त्याच्या खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, लहान नको. आधी किंचित आवळा, मग सैल करा. आवळल्यानं जुना थर तुटतो. घसरला की खाच जाते आणि मग ते काम आमच्यासारख्याकडं आणावं लागतं.

शटल निघालं की खोबणीत चिमटा आणि टूथब्रश फिरवा. धारदार काही घासू नका. खोबणीला आणि शटलच्या टोकाला चरा पडला तर पुढं जन्मभर दोरा तुटत राहतो. काय निघतंय ते कळवा.

पूजा करा, जरूर करा, आमच्याही घरी होते. कुंकू लाकडी फळीवर नाहीतर स्टँडवर लावा. भोकांवर आणि नक्षीवर नको. आणि त्याच दिवशी प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब घाला, त्याला तोच खरा नैवेद्य.

मलप्रभाकाठची सून

काका!! फिरलं!!

शटलमागं सुईचं तुटकं टोक होतं, गंजून खोबणीत आडवं रुतलेलं, आणि त्याभोवती हिरव्या दोऱ्याचा गोळा. चिमट्यानं टोक निघताच यजमानांनी चाक हलवलं आणि सुई वर आली, दाते वर आले, सगळं एकदम चालायला लागलं. सासूबाईंनी हिरवा दोरा ओळखला. नणंदेच्या शाळेच्या परकराचा म्हणाल्या. सगळ्यात शेवटी तोच शिवला होता त्यांनी या मशीनवर.

डिझेल पुसून घेतलं. आता प्रश्न दोन. एक म्हणजे आता तेल कुठलं, किती? आणि दुसरं, फडक्यावर शिवून बघितलं तर वरून टाका बरा दिसतो पण कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतंय. बॉबिन केसचा स्क्रू आवळू का?

शहापूरकर मिस्त्री

ताई, मला किती बरं वाटलं सांगता येत नाही. घरी वाचून दाखवलं.

आधी तेल, कारण ते आजच्या आज व्हायला पाहिजे. डिझेल-रॉकेल जुना थर काढतं, पण वंगण म्हणून ते काही कामाचं नाही. तसंच सोडलं तर लोखंड उघडं पडतं आणि तुमच्या हवेत पटकन गंज धरतं. गंज सोडवायच्या स्प्रेचंही तेच, तो सोडवायला ठीक, चालवायला नाही. शिलाई मशीनचं पातळ पाण्यासारखं पांढरं तेल मिळतं, खडेबाजारात शिलाई सामानाच्या कुठल्याही दुकानात. तेच. गाडीचं इंजिन ऑइल जाड असतं, ते नको. पहिल्यांदा प्रत्येक जागी दोन-तीन थेंब घाला, सुई काढून ठेवून रिकामं मशीन बराच वेळ चालवा, घाण बाहेर येईल ती पुसा, परत थेंब घाला. पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत. मग शिवायला घेण्याआधी टाकाऊ चिंधीवर दोन-चार ओळी मारा, नाहीतर नव्या कापडावर डाग.

पुढं रोज शिवत असाल तर रोज सकाळी शटलच्या खोबणीत एक थेंब, बाकीच्या जागी आठवड्याला. शिवत नसाल तरी महिन्यातून एकदा तेल घालून पाच मिनिटं चालवायचं. पावसाळ्यात तर हे चुकवूच नका. आणि वरून प्लास्टिक घालू नका, आत घाम धरतो. सासूबाईंची सुती साडी हेच उत्तम झाकण. भिंतीपासून हातभर पुढं ठेवा.

आता जाळं. खाली जाळं झालं की सगळे खालच्या स्क्रूला हात घालतात, पण खाली दिसणारं जाळं बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचं असतं. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलेला नसतो. फूट वर उचलून दोरा ओवा, तेव्हा चकत्या उघडतात. मग फूट खाली करा आणि दोरा ओढून बघा, ताण लागला पाहिजे. लागत नसेल तर चकत्यांच्या मधे जुना कचरा आणि गंज आहे, जुन्या सुती कापडाची पट्टी आत घालून मागंपुढं ओढा. वर-खाली होणाऱ्या कांडीच्या डोळ्यातून दोरा गेलाय ना तेही बघा.

सुई नवी घाला. घरगुती मशीनची, वरचा भाग एका बाजूनं चपटा असलेली, ब्लाऊजच्या कापडाला १४ नंबर. पूर्ण वरपर्यंत सरकवून मग स्क्रू आवळा. लांब खाच ज्या बाजूला येते त्या बाजूनं दोरा ओवायचा, चपटी बाजू शटलच्या टोकाकडं. उलटी बसली तर टाकाच धरत नाही. हे सगळं करून झाल्यावर बॉबिन केस दोऱ्याला लटकवून बघा. स्वतःच्या वजनानं सरसर खाली येऊ नये, हाताला हलका झटका दिला की जरासं उतरावं. तसं होत असेल तर त्या स्क्रूला हात लावायची गरज नाही.

चाकाच्या मधला स्क्रू पूर्ण काढला असेल तर आत तीन कानांचं वायसर असतं. ते उलटं बसलं तर स्क्रू आवळूनही चाक सुटं फिरतं, नाहीतर बॉबिन भरताना मशीन थांबत नाही. तसं काही वाटलं तर वायसर अर्धा वळसा फिरवून बसवा.

चिकोडीची टेलरबाई

अभिनंदन ताई! पट्ट्याचंही बघून घ्या. पडून राहिलेला चामड्याचा पट्टा ताणून सैल झालेला असतो, पाय मारला की घसरतो. नवा आणायच्या आधी जुन्याचा अर्धा इंच कापून तारेची कडी परत बसवा. फार घट्टही करू नका, मशीन जड चालतं. आणि पायडलच्या दोन्ही बाजूंच्या टोकांना, उभ्या दांड्याच्या वरच्या-खालच्या सांध्याला, मोठ्या चाकाच्या मधे तेल. वरच्या डोक्याला सगळे तेल घालतात आणि खालचं विसरतात, मग गुडघे दुखतात.

सवय मोडली असेल तर आधी दोरा न घालता नुसतं पाय मारायचा सराव करा. चाक नेहमी आपल्याकडंच फिरलं पाहिजे. उलटं गेलं की दोरा शटलमध्ये गुरफटतो आणि परत तोच हिरवा गोळा.

संकेश्वरचा वाचक

मिस्त्रीकाका, आमच्या घरी याहून जुनं आहे. त्यात गोल बॉबिन नाही, लांब काडीसारखी बॉबिन आणि होडीसारखं शटल मागंपुढं झुलतं. तेही जाम आहे. हीच पद्धत चालेल का?

शहापूरकर मिस्त्री

चालेल, थर विरघळवायची रीत तीच. खालच्या सरकत्या पत्र्याखाली शटलची पाळणी असते, तिथं जास्त थेंब सोडा. फक्त शटल आणि लांब बॉबिन जिवापाड जपा. त्या वेळच्या मशीनच्या ह्या दोन वस्तू सहज मिळत नाहीत, आणि गोल बॉबिनवाल्याचं सामान त्याला बसत नाही. लहानसहान पिन, स्क्रू मोडला तर जुना नमुना घेऊन उद्यमबागेत या. लेथवर काम करणारे तिथं पुष्कळ आहेत, नमुना हातात असला की करून देतात.

मलप्रभाकाठची सून

जाळं गेलं. चकत्यांच्या मधे कापसाचा जुना थर होता, पट्टी ओढली तर काळी होऊन आली. पट्टा कापून बसवला. काल पहिलं काम केलं, सासूबाईंच्या दोन परकरांना नाड्याची पट्टी. टाका इतका सरळ येतोय की मैत्रिणीच्या नव्या मशीनवर मला तसा कधी आला नव्हता. दिरांनी स्वतः येऊन लाकडी फळीला तेलपाणी केलं आणि स्टँड विकायचा विषय परत काढला नाही.

आता सासूबाईंनी एक काम सांगितलंय, म्हणून विचारते. जुन्या साड्यांची वाकळ. चार-पाच थर होतात. या मशीनवर चालेल, की नुकत्याच सुटलेल्या मशीनवर भार नको?

शहापूरकर मिस्त्री

मशीन करेल, त्याला भार नाही. सुती साड्यांचे पाच थर त्याला काहीच नाहीत. सुई मात्र १८ नंबरची घाला, दोरा जाड सुती. टाका मोठा करा. डाव्या तोंडाच्या वर, फुटाच्या दांड्याच्या डोक्यावर गोल स्क्रू आहे, त्यानं फुटाचा दाब कमी-जास्त होतो. थर पुढं सरकत नसतील तर तो थोडा आवळा, वरची साडी गोळा होऊन येत असेल तर थोडा सैल करा. जिथं शिवणी एकमेकींवर येऊन जाड होतात तिथं पाय थांबवून चाक हातानं फिरवा, सुई तिथंच मोडते. कडा आणि चौकटीच्या रेघा मशीनवर घ्या, मधले टाके सासूबाईंना हातानंच घालू द्या. सगळी वाकळ मशीनखाली गुंडाळून बसवायची तर मानेखाली जागा पुरत नाही, आणि ओढाताणीत सुई वाकून परत खोबणीत पडायची.